मेंदूज्वराच्या रुग्णाला झोपवून का ठेवतात?

मेंदूच्या आवरणाला जिवाणूंमुळे सूज आली, की डॉक्टर त्याला बॅक्टेरियल मेनिंजायटिस म्हणतात. आपण मेंदूज्वर म्हणतो. असा रुग्ण आयसीयूत असला की नातेवाइकांना काय दिसतं? तोंडात नळी, हालचाल नाही आणि शिरेतून दुधासारखं पांढरं औषध चाललेलं. मग बाहेर कुजबुज सुरू होते, ‘बिल वाढवायला झोपवून ठेवलंय.’ म्हणून आज या पांढऱ्या औषधाबद्दल सांगतो.

त्याचं नाव प्रोपोफॉल. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायलाही ते वापरतात. ते पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून सोयाबीन तेलात मिसळून देतात. पांढरा रंग त्यामुळेच.

सुजेने कवटीच्या आत दाब वाढतो, आणि कवटी काही फुगत नाही. रुग्ण तळमळला, नळीशी झगडला, आकडी आली, की दाब आणखी चढतो. प्रोपोफॉलने मेंदूचं काम मंदावतं, त्याची रक्ताची गरज घटते, दाब उतरतो. आकडीही आवरते. शिवाय ते थांबवल्यावर रुग्ण लवकर जागा होऊ लागतो, त्यामुळे मधूनमधून शुद्ध तपासता येते.

पण हे औषध रक्तदाब पाडतं आणि श्वासही थांबवू शकतं. जंतू रक्तात पसरले असतील तर रक्तदाब आधीच खाली असतो. आणखी पडला तर मेंदूलाच रक्त पुरत नाही. म्हणून व्हेंटिलेटर, मॉनिटर आणि जाणकार डॉक्टर असतील तिथेच ते द्यायचं. लहान मुलांना दिवसेंदिवस सलग देणं टाळतात.

आणि झोपेने जंतू मरत नाहीत. ते काम अँटिबायोटिकचं, तेही दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात सुरू व्हायला हवं. तेव्हा ‘झोपवलंय का’ यापेक्षा ‘अँटिबायोटिक कधी सुरू केलं’ हे आधी विचारा. हा प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. पाठीतून पाणी काढण्याच्या तपासणीला ‘लुळेपणा येतो’ म्हणून नकार देऊ नका. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात.

ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, हनुवटी छातीला न टेकणं, उजेड सहन न होणं, बरळणं, आकडी: यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. तान्ह्या बाळाची टाळू फुगली किंवा ते दूध ओढेना, तरी तेच. 108 ला फोन करा; गाडीचे पैसे लागत नाहीत.