मागच्या खोलीची भिंत

दारव्हा

चि. रेणुका,


परवा मंदा वणीहून परतली ती थेट माझ्याकडेच आली. चहा होईस्तोवर तिनं सांगून टाकलं, की तुमच्या मागच्या खोलीला फिका पिवळा कागद चिकटवायचं ठरलंय, माणूस मापं घेऊन गेला, पोळ्याआधी काम उरकायचंय. जाता जाता म्हणाली, पोराचा खोकला काही हटत नाही. तिच्या लेखी ह्या दोन वेगळ्या बातम्या. माझी मात्र झोप उडाली.

रेणू, ती भिंत तुला ठाऊक नाही का? पलीकडे न्हाणी आहे. दादानं ती खोली घाईत काढली, जोत्याला ओल अडवणारा थर, डीपीसी, घातलाच नाही. खाली आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला नवी चीर देते. हातभर उंचीपर्यंत लोणा चढतो. ते पोपडे लहानपणी तूच नखानं काढायचीस आणि मार खायचीस. त्यावर व्हिनाइलचा कागद म्हणजे ओलीला गोधडी पांघरणं. आत पाणी, वर प्लास्टिक, मध्ये खळ. बुरशीला आणखी काय पाहिजे? आणि त्याच भिंतीला डोकं लावून पोरगं निजतं. नानांचा दमा काय होता, हे तुला मी सांगायला नको.

दुकानदार म्हणेल, वॉटरप्रूफ आहे. असेल. वरून ओल्या फडक्यानं पुसता येईल, पण पाणी मागून येतं त्याचं काय? शिवाय उन्हाळ्यात तुमचा कूलर रात्रभर त्याच खोलीत दमट वारा फेकतो.

आधी एक कर. हातभर पारदर्शक प्लास्टिक त्या भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून घट्ट बसव, दोन दिवस राहू दे. आतल्या अंगाला पाणी जमलं तर ओल भिंतीतूनच येते आहे. मग कागदवाल्याला थांबव, प्लंबरला बोलाव. न्हाणीची फरशी, नळाचे सांधे, मागचं पन्हाळ, सगळं बघून घे. आणि पाऊस संपून चांगलं ऊन लागेपर्यंत भिंतीला हात लावू नको.

रागावलेच आहे मी. पण पिवळ्या रंगावर नाही ग.

लग्न होऊन दिग्रसला गेले तेव्हा माझ्या वाट्याची खोली निळीच्या चुन्याची. भर दुपारीही तिथं अंधारून यायचं. मला ती पिवळी हवी होती. चुन्यात मूठभर पिवडी, एवढंच लागलं असतं. दर दिवाळीला घर पोतारायला काढायचे, दर दिवाळीला मी विचारीन म्हणायची, आणि सासूबाई समोर आल्या की तोंड उघडायचं नाही. त्या तशा कडकही नव्हत्या. तू चार माणसांत बोलून आपला रंग निवडलास, ते ऐकून मनातून मला बरंच वाटलं.

तेव्हा पिवळीच कर खोली. राजूरच्या चुनाभट्ट्या तुमच्या उशालाच आहेत. कळीचा चुना आणून पिंपात भिजव (पोराला लांब ठेव, चुना उकळतो), गाळून घे, पिवडी थोडी थोडी घाल. ओला असताना रंग वेगळाच दिसतो, म्हणून आधी कोपऱ्यात लावून वाळू दे, मग ठरव. चुना ओल कोंडून ठेवत नाही, बुरशीही त्यावर सहजी धरत नाही. कागदाची हौस असेलच तर बैठकीतल्या आतल्या भिंतीला लाव, ती कोरडी आहे. गुंडाळी बहुधा 53 सेंटीमीटर रुंद, 10 मीटर लांब येते. नक्षी जुळवताना वाया जातो, तेवढा जास्त घे. पैसे मी पाठवते. ह्यावर बोलायचं नाही.

पण पोराची खाट आधी सरकव. पत्र वाचून झाल्यावर नव्हे, आत्ता. डॉक्टरांकडे ने, आणि भिंतीच्या ओलीचंही त्यांना सांग.

जावईबापूंना नमस्कार. दिवाळीआधी मी येतेच आहे, पिवडी मीच ढवळीन. रात्री खोकल्यानं जागा झाला तर कितीही वाजलेले असोत, फोन लाव. ह्या वयात मी तशीही जागीच असते.

तुझी
आत्या