फ्लॅट दाखवायचा तर असा दाखव, बाबू

बाबू, राळेगावचा फ्लॅट भाड्याने द्यायचा म्हणून मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढतोयस म्हणे. काढ की, पण आधी हे ऐकून घे. तो पाहणार कोण? बदलीचा आदेश हातात घेऊन पुसदला बसलेला एखादा मास्तर, नाहीतर वणीच्या बँकेतली एखादी बाई. इथवर यायचं की नाही, हे ते तुझ्या दोन-तीन मिनिटांवर ठरवणार.

१. आधी कॅमेऱ्याचं भिंग धुतलेल्या सुती कापडाने पूस — खिशातली धूळ नि बोटांचं तेल बसलं की महागाचा फोनही धुकंच दाखवतो. कापसाच्या गावात राहून सदऱ्याच्या बाहीने पुसू नकोस.

२. सकाळी नऊ-दहाला काढ — मे महिन्यात दुपारी फोन असा तापतो की स्क्रीन आपोआप मंद होते आणि रेकॉर्डिंग मधेच बंद पडतं.

३. पडदे बाजूला सार, खिडक्या उघड आणि शक्यतो खिडकीकडे पाठ करून उभा राहा — फोन खिडकीसमोर धरलास की बाहेरचं लिंब झकास दिसेल नि खोली काळीठिक्कर. स्क्रीनवर बोट दाबून ठेवलं की बहुतेक फोनांत उजेड कुलूपबंद होतो, मग तो कमी-जास्त होत नाही.

४. दिव्यांखाली पट्टे सरकताना दिसले तर फोन बिघडला म्हणून घाबरू नकोस — आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि फोन बहुधा सेकंदाला ३० चित्रं घेतो, ते जुळत नाही. सेटिंगमध्ये २५ किंवा ५० असेल तर ते निवड, नाहीतर दिवेच बंद कर.

५. दोन्ही कोपर कुशीला टेकव, गुडघे सैल सोड, हळू चाल, आणि प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात तीन आकडे मोजेपर्यंत थांब. घाईने फिरवला फोन, तर घर पाहील कोण!

६. सुरुवात रस्त्यापासून कर: गेट, गाडी लावायची जागा, जिना, मग दार, सगळं एका दमात — तुकडे तुकडे जोडलेस तर स्वयंपाकघर कुठल्या बाजूला, हे बघणाऱ्याला कळत नाही. दाराचं तोंड कोणत्या दिशेला तेही बोलून टाक, आपल्याकडे कुणी ना कुणी विचारतंच.

७. कॅमेऱ्यातलं ते रुंद दाखवणारं ०.५ चं बटण जपून वापर. खोली हॉलएवढी दिसते खरी, पण भाडेकरू पलंग घेऊन येतो आणि दार लागत नाही, मग रोज तोंड लपवत फिरशील. त्यापेक्षा मेजरिंग टेप जमिनीवर अंथर आणि लांबी-रुंदी तोंडाने सांग, फुटात.

८. आता सगळ्यात मोठं: कूलर. विदर्भात घर बघणारा आधी कूलरची जागा बघतो, म्हणून कोणत्या खिडकीत बसतो, जवळ प्लग आहे का, पाणी भरायला नळ किती लांब, हे सावकाश दाखव — मे महिन्यात त्याचा संसार त्या खिडकीवरच चालणार आहे. वरचा मजला असेल तर छत तापतं हेही सांग.

९. स्वयंपाकघरातला नळ सोडून धार दाखव, आणि नळ किती वाजता येतो, बोअर आहे की नाही, ते सांग. टाइल्सच्या नक्षीपेक्षा माणसाला पाणी कळतं.

१०. बोलताना मात्र पंखा-कूलर बंद. कूलरपुढे कीर्तन, देवालाही ऐकू जात नाही.

११. भिंतीला ओल असेल तर तीही घे नि केव्हा दुरुस्त करणार ते सांग. झाकलेली ओल पहिल्या पावसात भाडं मागते, बाबू.

१२. सुरू करण्याआधी एक चक्कर मार आणि आधार कार्ड, वीजबिल, किल्ल्यांचा जुडगा, लेकरांचे फोटो उचल — व्हिडिओ एकदा पाठवला की कुणाकुणाकडे जाईल त्याचा नेम नाही. आरशासमोरून तिरपा जा, तुझी बनियन दिसायला नको. जुना भाडेकरू अजून राहत असेल तर त्याला विचारल्याशिवाय आत पाऊलही टाकू नकोस.

१३. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव — साधा पाठवलास तर व्हिडिओ दाबला जातो आणि टाइल्सही चिखलासारख्या दिसतात.

१४. भाडं नि डिपॉझिट शेवटी स्वतःच्या आवाजात सांग. माणूस प्रत्यक्ष येऊन घर बघेपर्यंत मात्र एक रुपयाही मागू नकोस — आजकाल पोकळ व्हिडिओ दाखवून लुबाडणारे कमी नाहीत, आपल्यावर कुणी संशय का घ्यावा? आणि पसंत पडलंच, तर लेखी करार करून त्याची नोंदणी कर. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची, म्हणजे तुझी आहे.