द्राक्षविद्येचा अभ्यास आणि काडींतील डोळा

आमच्या सभासदांपैकीं एका बागाईतदारांनीं आम्हांस असें विचारिलें आहे कीं, मुलाला कृषि महाविद्यालयांत घालण्याची इच्छा आहे. परंतु घरीं चार एकर द्राक्षबाग असतां, जें बागेंतच शिकतां येतें त्यासाठीं चार वर्षें व इतका खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. खरड छाटणी कोणत्या आठवड्यांत करावी, काडी कोठें तोडावी, केवडा कोणत्या हवेंत पडतो, हें नाशिक-तासगांवकडील पुष्कळ बागाईतदारांस पाठ असतें. आणि महाविद्यालयांतून नुकताच बाहेर पडलेला पदवीधर त्यांच्या गड्याइतक्या सफाईनें कात्री चालवूं शकत नाहीं. तेव्हां कात्री शिकण्यासाठीं कोणी महाविद्यालयांत जाऊं नये. परंतु बागेंत कांहीं गोष्टी अशा घडतात कीं, त्या नुसत्या नजरेला दिसत नाहींत, आणि दिसूं लागतात तेव्हां वर्ष हातचें गेलेलें असतें. त्यांपैकीं एकच या पाठासाठीं घेतों.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. हें शिक्षण संकटांतून वाढीस लागलें. फ्रान्स देशांत 1860 नंतरच्या दशकांत वेली वाळूं लागल्या. मेलेल्या वेली खणून कांहींच सांपडेना. 1868 सालीं मोंपेल्ये येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों व त्यांचे सहकारी यांनीं शेजारच्या, वरून बऱ्या दिसणाऱ्या वेलींचीं मुळें उघडीं केलीं, तेव्हां त्यांवर फायलोक्सेरा नांवाचा मावेसारखा बारीक किडा रस शोषीत असलेला आढळला. वेल मेली कीं किडा तेथून निघून जाई, म्हणून तो कोणास दिसत नव्हता! अमेरिकन वेलीच्या खुंटावर युरोपीय वेलीचें कलम बांधणें हा उपाय पुढें ठरला. मोंपेल्ये येथें शेतकी विद्यालय आलें तें 1872 सालीं. जर्मनींतील गायझेनहाइमची संस्थाहि त्याच वर्षींची. आणि 1880 सालीं कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानें तेथील विद्यापीठावर द्राक्षविद्येच्या संशोधनाचें व शिक्षणाचें काम सोंपविलें. आपल्याकडे पुण्याजवळ मांजरी येथें राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र 1997 सालीं सुरू झालें. खारवट जमिनींत व अपुऱ्या पाण्यावर आज आपण डॉगरिजच्या खुंटावर कलमें बांधतों, तें याच विद्येचें देणें होय.

आतां मुख्य विषय. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षांतून दोनदां होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यापासून काडी तयार होते. आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, तिच्यापासून माल येतो. पुष्कळांची समजूत अशी कीं, घड ऑक्टोबरांत जन्मतो. तसें नाहीं. पानाच्या बगलेंतील जो डोळा आपण पाहतों, त्याच्या आंत तीन कोंब असतात. मधला मोठा, आणि बहुधा घड त्यांतच असतो. खरड छाटणीनंतर साधारण पस्तिसाव्या दिवसापासून साठाव्या दिवसापर्यंत या कोंबांत एक सूक्ष्म अंकुर धरतो. हा अंकुर आरंभीं घडाचाहि नसतो आणि बाळीचाहि नसतो. त्या दिवसांत काडीस भरपूर ऊन, ऊब व पुरेसा अन्नसांठा मिळाला तर त्याचा घड होतो. दाट सावली पडली, अगर वेल नुसती शेंड्याकडे धांवत राहिली, तर त्याचीच बाळी होते. बाळीच्या टोंकाला दोन-चार मणी लागलेले आपण सर्वांनीं पाहिले आहेत; दोघें एकाच घरचीं भावंडें असल्याची ती खूण आहे.

सायटोकायनिन हें मुख्यत्वें मुळांत तयार होणारें द्रव्य अंकुरास घडाकडे नेतें व जिबरेलिन बाळीकडे. हेंच जिबरेलिन आपण पुढें मणी फुगविण्यासाठीं विकत आणून घड त्यांत बुडवितों! एकच द्रव्य डिसेंबरांत उपकारक आणि जूनमध्यें घातक कसें, हें उमगल्यावांचून खरड छाटणीनंतर शेंडा कां खुडावा, पाणी व नत्र कां आवरावें, फुटींची विरळणी वेळेवर कां व्हावी, हें केवळ शेजारी करतो म्हणून करावें लागतें.

याची किंमत आम्हांस एकदां स्वतःच्या बागेंत मोजावी लागली. त्या वर्षीं मेअखेरीपासून आभाळ भरून राहिलें होतें. नत्र सढळ हातानें दिलें होतें. मांडवाखालीं दुपारींहि अंधार पडे, आणि रस्त्यानें जाणारे थांबून पाला वाखाणीत. आम्हीहि खूष होतों. गोडी छाटणीनंतर फूट जोमदार निघाली. परंतु पंधराव्या दिवशीं पाहतों तों घडांच्या जागीं बाळ्याच बाळ्या. घड जिरले म्हणून आम्हीं प्रथम औषधास दोष दिला, मग छाटणीच्या टोळीस. टोळीच्या मुकादमास आम्ही जें बोललों त्याची आजहि लाज वाटते. बांधाकडची एक ओळ छाटावयाची राहिली होती. परिचयाच्या एका शिक्षकांनीं तिच्या काड्या नेऊन डोळे चिरले व सूक्ष्मदर्शकाखालीं आम्हांस दाखविले. दहा डोळ्यांपैकीं दोहोंतच घड होता. म्हणजे ऑक्टोबरांत बिचाऱ्या टोळीनें काय करावें? निकाल जूनमध्येंच लागून गेला होता. सोसायटीचें कर्ज त्या सालीं फिटलें नाहीं.

महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलास एक इशारा देणें अवश्य आहे. द्राक्षावरील मोठे ग्रंथ बहुतेक थंड हिवाळ्याच्या देशांतले आहेत. अमेरिन व विंकलर यांनीं 1944 सालीं कॅलिफोर्नियाचे उष्णतामानावरून पांच विभाग पाडले, तें काम मोठें खरें. पण तेथील वेल हिवाळ्यांत झोंपते, आणि तेथें एकाच काडीवर यंदाचा घड व पुढल्या वर्षाचा डोळा एकदम वाढत असतात. आपली वेल झोंपत नाहीं, आणि आपण हीं दोन कामें दोन छाटण्यांनीं वेगळीं केलीं आहेत. ग्रंथांतील कारणें घ्यावींत, महिने घेऊं नयेत.

दुसरें असें कीं, अर्धवट ज्ञानहि महाग पडतें. खरड छाटणीनंतर शेंडा आवरून घडनिर्मिति वाढावी म्हणून क्लोरमेक्वाट, ज्याला बागाईतदार सीसीसी म्हणतात, तें फवारण्याची चाल पडली होती. उपाय लागू पडे. पण फवारा उन्हाळ्यांतला असला तरी द्रव्य काडींत राहून मण्यांत उतरतें, याकडे कोणाचें लक्ष नव्हतें. 2010 सालीं युरोपांत आपल्या द्राक्षांत त्याचा अंश ठरल्या मर्यादेहून अधिक निघाला आणि पाठविलेला माल नाकारला गेला. वेलीचा जोम आवरणें आणि खाणाऱ्याच्या ताटापर्यंतचा हिशेब ठेवणें हीं दोन्हीं ज्यास येतात, तो शिकलेला.

सभासदांस आमचें उत्तर असें: मुलास अवश्य पाठवावें, मात्र पदवीच्या अभ्यासक्रमांत द्राक्ष हें अनेक पिकांपैकीं एक असतें, व त्याच्या वांट्यास थोडेच तास येतात. शिवाय वेलीचें वर्ष व महाविद्यालयाचें वर्ष जुळत नाहींत. डोळा घडतो तो उन्हाळी सुट्टीच्या व परीक्षांच्या दिवसांत, आणि गोडी छाटणी येते दिवाळीच्या आगेंमागें. म्हणून सुट्टींत मुलगा बागेंत असलाच पाहिजे. लग्नसराई दुसऱ्यांनीं सांभाळावी.

त्याला पहिलें काम हें द्यावें. खरड छाटणीनंतर साठ दिवसांनीं, आणि पुन्हां गोडी छाटणीपूर्वीं आठ-दहा दिवस, बागेच्या चारी कोपऱ्यांतून व मधून काड्या घ्याव्या. जाड, मध्यम, बारीक, तिन्हीं प्रकारच्या. सरळ काडी व सबकेन यांच्या जुड्या वेगळ्या बांधाव्या. काड्या ओल्या फडक्यांत गुंडाळून त्याच दिवशीं तपासावयास न्याव्या, कारण सुकलेला डोळा नीट चिरत नाहीं. बुडापासून डोळ्यांस क्रमांक देऊन प्रत्येक डोळा धारदार पात्यानें चिरावा, व घड कोणत्या क्रमांकावर आहे तें वहींत मांडावें. सबकेनवर घड बहुधा गांठीच्या आसपास असतो. पण वहींत जें निघेल तें खरें. घड वरच्या डोळ्यांत निघाले तर काडी लांब राखावी. एकूणच कमी निघाले तर काड्या अधिक राखून त्या सालचा खर्च आधींच हात राखून करावा. ही वही छाटणीच्या दिवशीं मुकादमाच्या हातीं द्यावी.