विद्युत गिटारीतील घरघर : कारणे आणि निवारण

बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील गावी गणेशोत्सवाच्या वा स्नेहसंमेलनाच्या मंचावर विद्युत गिटार अथवा पिकअप बसविलेला बेंजो वाजू लागला, की कधी कधी सुरांमागे अखंड घरघर ऐकू येते. तिचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. कारण तिच्यावर योजला जाणारा एक उपाय जिवावर बेतू शकतो.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वाद्याची पोलादी तार कंप पावताच या वेटोळ्यात क्षीण विद्युतदाब निर्माण होतो. परंतु आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. रोहित्र व ट्यूबलाइटचा चोक यांचे बदलते चुंबकीय क्षेत्रही तेच वेटोळे टिपते. १९५५ साली अमेरिकेतील गिब्सन कंपनीचे सेथ लव्हर यांनी दुहेरी वेटोळ्याच्या पिकअपच्या एकस्वासाठी अर्ज केला. त्यात परस्परविरुद्ध जोडलेली वेटोळी घरघर नाहीशी करतात. चुंबकांची टोकेही उलट असल्याने सूर मात्र टिकतो.

पिकअप एकेरी असल्यास वादकाने रोहित्र व चोक यांपासून दूर बसावे, वाद्याची दिशा फिरवून पाहावी आणि जाळीदार आवरणाची केबल वापरावी.

घरघर थांबते म्हणून ध्वनिवर्धकाच्या प्लगमधील अर्थिंगची तार मात्र कदापि काढू नये. गिटारीच्या पोलादी तारा त्याच अर्थिंगला जोडलेल्या असतात. ते तोडल्यावर ध्वनिवर्धकात बिघाड झाला, तर २३० व्होल्टचा दाब वादकाच्या बोटांपर्यंत पोहोचू शकतो. यास्तव शिक्षकांनी व ग्रामपंचायतींनी कार्यक्रमापूर्वी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.