कांचनार, कोविदार आणि आपटा : बौहिनिया प्रजातीचा वनस्पतिशास्त्रीय परिचय

प्रास्ताविक

गंडमाळा, ग्रंथी, अर्बुद या व्याधींच्या चिकित्सेत कांचनार गुग्गुळाचा उपयोग न केलेला वैद्य विरळाच. शार्ङ्गधर संहितेच्या मध्यम खंडातील या कल्पाचे प्रमाण आपणा सर्वांस परिचित आहे : कांचनाराची साल १० पल, त्रिफळा ६ पल, त्रिकटू ३ पल, वरुण १ पल, वेलदोडा, दालचिनी व तमालपत्र प्रत्येकी १ कर्ष आणि सर्व चूर्णाइतका गुग्गुळ. या चूर्णांची बेरीज पावणेएकवीस पल होते. म्हणजे गुग्गुळ वगळता कल्पाचा जवळजवळ निम्मा भाग एकट्या कांचनार सालीचा आहे. ही साल भलत्याच झाडाची असेल, तर इतर घटक कितीही शुद्ध असले तरी कल्प अर्धा बिघडला असे म्हणावे लागते.

कांचनाराशी रूपसाम्य असलेली आणि नावानेही त्याच्याशी गुंतलेली अनेक झाडे आपल्या परिसरात आहेत. ती सर्व वनस्पतिशास्त्रात बौहिनिया या एकाच प्रजातीत मोडतात. प्रस्तुत लेखात या प्रजातीची लक्षणे, तिच्यातील आपल्याकडील प्रमुख जाती आणि ग्रंथोक्त नावांशी त्यांचा संबंध यांचा विचार आम्ही करीत आहोत. येथे 'प्रजाती' हा शब्द अनेक जातींच्या समूहासाठी, तर 'जाती' हा शब्द त्यातील एकेका प्रकारासाठी योजला आहे.

नाव आणि कुल

सोळाव्या-सतराव्या शतकांत यॉहान बौहिन (१५४१–१६१३) आणि गास्पार बौहिन (१५६०–१६२४) हे दोन बंधू युरोपातील थोर वनस्पतिज्ञ म्हणून प्रसिद्ध होते. गास्पार यांच्या १६२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पिनाक्स' या ग्रंथात सुमारे ६००० वनस्पतींची नावे संकलित आहेत. या बंधूंच्या स्मरणार्थ फ्रेंच वनस्पतिज्ञ शार्ल प्ल्युमिए यांनी प्रजातीस बौहिनिया हे नाव दिले व लिनीयस यांनी ते १७५३ मध्ये कायम केले. एकाच देठावर जुळलेल्या पानाच्या दोन पाळ्या या दोन भावांचे प्रतीक मानल्या गेल्या. आपल्या ग्रंथकारांनीही हेच लक्षण हेरून कोविदारास 'युगपत्रक' म्हटले आहे.

ही प्रजाती शिंबावंत कुलातील आहे. पूर्वीच्या पाठ्यपुस्तकांत तिचा अंतर्भाव सिसाल्पिनिऑइडी या उपकुलात केलेला आढळतो. २०१७ मध्ये या कुलाची नवी विभागणी प्रसिद्ध झाली आणि बौहिनिया व तिची जवळची आप्त झाडे सर्सिडॉइडी या स्वतंत्र उपकुलात गेली. व्यापक अर्थाने या प्रजातीत सुमारे ३०० जाती मानीत असत. प्रतान असलेल्या वेली फॅनेरा या प्रजातीत वेगळ्या काढल्यानंतर ही संख्या दीडशेच्या घरात आली आहे. मध्य भारतात पत्रावळींसाठी ज्याची मोठी पाने वापरतात, तो माहुल वेल आता फॅनेरा व्हाली या नावाने ओळखला जातो. जुन्या ग्रंथात बौहिनिया व्हाली असे नाव आढळल्यास तीच वनस्पती समजावी.

प्रजातीची सामान्य लक्षणे

पान : साधे, एकाआड एक, टोकाशी दुभंगलेले. त्याचा आकार उंटाच्या पावलासारखा किंवा गुरांच्या खुरासारखा दिसतो. मुख्य शिरा देठाच्या टोकापासून पंख्याप्रमाणे पसरतात. तेथे एक फुगीर गाठ असते. तिच्यातील पेशींमधील पाण्याचा दाब बदलल्याने रात्री दोन्ही पाळ्या पुस्तकाप्रमाणे मिटतात.

फूल : पाच पाकळ्या, त्यांपैकी एक बहुधा रंगाने वा ठिपक्यांनी वेगळी. निदलपुंज कळीच्या अवस्थेत बंद असतो आणि फूल उमलताना एका बाजूने फाटतो. पुंकेसर मूलतः दहा. परंतु काही जातींत त्यांपैकी तीन वा पाचच कार्यक्षम असतात, उरलेले खुरटतात किंवा नाहीसे होतात. जाती ओळखण्याची खरी किल्ली येथेच आहे.

फळ : शेंग. कांचनाच्या शेंगा वाळल्यावर तडकतात व त्यांची दोन्ही शकले पिळवटून बी दूर फेकले जाते. आपट्याची शेंग मात्र आपोआप उकलत नाही.

शिंबावंत कुलातील सर्वच झाडांच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या गाठी असतात, असा समज आहे. बौहिनियाच्या मुळांवर सामान्यतः अशा गाठी नसतात.

आपल्याकडील प्रमुख जाती

१) बौहिनिया व्हेरिगेटा (कांचन, कांचनार) : मध्यम उंचीचा पानझडी वृक्ष. हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत याचा नैसर्गिक विस्तार आहे. महाराष्ट्रात तो उद्यानांत व रस्त्यांच्या कडेला विशेषेकरून लावलेला दिसतो. पाने टोकापासून साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच दुभंगलेली. फुले फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, झाड जवळजवळ निष्पर्ण असताना येतात. पाकळ्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या, गुलाबी-जांभळ्या. एका पाकळीवर गडद छटा. कार्यक्षम पुंकेसर पाच. याच जातीचा पांढऱ्या फुलांचा प्रकारही आढळतो. उत्तर भारतात याच्या कळ्यांची भाजी करतात.

२) बौहिनिया पर्पुरिया (देवकांचन) : बांधा मागील वृक्षासारखाच. पाने अधिक खोल, कित्येकदा निम्म्यापर्यंत दुभंगलेली. फुले सप्टेंबर ते डिसेंबर या काळात, झाडावर भरपूर पाने असताना येतात. पाकळ्या अरुंद, लांबट व एकमेकींपासून सुट्या. कार्यक्षम पुंकेसर तीन, क्वचित चार. 'रक्तकांचन' हे नाव ही जाती व मागील जाती या दोहोंसही लावले जाते. म्हणून केवळ त्या नावावर विसंबू नये.

३) बौहिनिया रॅसिमोसा (आपटा) : शुष्क पानझडी वनांतील लहान, वाकडातिकडा वृक्ष; फांद्या खाली झुकलेल्या, साल काळसर व खडबडीत. पाने लहान, लांबीपेक्षा रुंदीने अधिक, जाडसर, खालच्या बाजूने करडी व लवदार. फुले लहान, पिवळसर पांढरी, मंजरीत, पुंकेसर दहा. सालीच्या तंतूंपासून दोर वळतात. पाने विडीसाठीही वापरली गेली आहेत.

४) बौहिनिया टोमेंटोजा (पिवळा कांचन) : झुडूप. फुले घंटेसारखी, खाली झुकलेली, पूर्ण न उमलणारी, फिकट पिवळी. आतून तळाशी बहुधा गडद तांबूस डाग. पुंकेसर दहा.

५) बौहिनिया अॅक्युमिनाटा (पांढरा कांचन) : दोन-तीन मीटर उंचीचे, मुळचे आग्नेय आशियातील शोभेचे झुडूप. फुले शुभ्र, पुंकेसर दहा. कांचनाराच्या पांढऱ्या प्रकाराशी याची गल्लत होते. परंतु एक वृक्ष तर दुसरे झुडूप, आणि एकात पुंकेसर पाच तर दुसऱ्यात दहा, एवढे पाहिले तरी शंका उरत नाही.

याशिवाय एका संकराची नोंद घेणे आवश्यक आहे. हाँगकाँग येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आढळलेला व १९०८ मध्ये वर्णिलेला बौहिनिया ब्लेकियाना हा वृक्ष पर्पुरिया व व्हेरिगेटा यांचा संकर असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. १९९७ पासून हाँगकाँगच्या ध्वजावर याचेच फूल आहे. त्याला सहसा शेंग धरत नाही. कलमाने वा छाट लावूनच तो वाढवितात. शोभेसाठी तो आपल्याकडील उद्यानांतही लावतात. पुंकेसर पाच असूनही, भरघोस फुलणारे परंतु कधीही शेंग न धरणारे झाड दिसल्यास त्याची साल औषधार्थ घेऊ नये.

ग्रंथोक्त नावांचा विचार

चरक संहितेच्या वमनोपग महाकषायात कोविदार व कर्बुदार ही दोन नावे शेजारी शेजारी येतात. एकाच दहा द्रव्यांच्या गणात ती स्वतंत्रपणे मोजलेली असल्याने आचार्यांना दोन भिन्न द्रव्ये अभिप्रेत होती हे उघड आहे. कांचनार हे नाव त्या गणात नाही.

भावप्रकाश निघंटूत कांचनार व कोविदार यांचे पर्याय वेगवेगळे दिले आहेत. कांचनारास 'गण्डारि', म्हणजे गंडाचा शत्रू, असे म्हटले आहे. कोविदाराच्या पर्यायांत 'ताम्रपुष्प' व 'स्वल्पकेसरी' ही नावे येतात. यातील दुसरे नाव आम्हास अत्यंत महत्त्वाचे वाटते. स्वल्पकेसरी म्हणजे ज्याचे केसर थोडे आहेत तो. पाच पुंकेसरांच्या व्हेरिगेटाशेजारी तीन पुंकेसरांचा पर्पुरिया ठेवला की या नावाचा अर्थ प्रत्यक्ष डोळ्यांपुढे उभा राहतो. कोविदार म्हणजे पर्पुरिया या मतास हे नाव बळकटी देते, असे आमचे मत आहे.

याच पर्यायांत कोविदारास 'अश्मन्तक' असेही म्हटले आहे आणि गोंधळ येथूनच सुरू होतो; कारण अश्मंतक म्हणजे आपटा अशी सर्वसाधारण समजूत आहे. त्यातच चरक सूत्रस्थानाच्या पहिल्या अध्यायात स्नुही, अर्क व अश्मंतक हे तीन वृक्ष क्षीराच्या उपयोगासंबंधी एकत्र सांगितले असून त्यांपैकी अश्मंतक वमनार्थ सांगितला आहे. बौहिनियाच्या कोणत्याही जातीस स्नुहीसारखा वा रुईसारखा चीक नसतो. तेव्हा त्या संदर्भातील अश्मंतक हा आपटा असू शकत नाही. तो चीक असलेला कोणी अन्य वृक्ष असला पाहिजे. एकाच नावाखाली भिन्न काळी भिन्न वनस्पती आल्या, हे मान्य केल्यावाचून या वचनांची संगती लागत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. भावमिश्रांनी कोविदाराचे गुण कांचनारासारखेच सांगितले आहेत. मग साल कोणाचीही घेतली तर बिघडले काय? यावर आमचे म्हणणे असे की, गुणसाम्य सांगूनही त्यांनी दोन्ही द्रव्ये वेगळी वर्णिली. ती एकच आहेत असे म्हटले नाही. शार्ङ्गधरोक्त कल्पात नाव कांचनाराचे आहे आणि भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने कांचनार म्हणून बौहिनिया व्हेरिगेटाची साल निश्चित केली आहे. प्रतिनिधी द्रव्य घेण्यास शास्त्राची ना नाही. परंतु ते जाणून घेतलेले व नोंदविलेले असावे. नकळत झालेला बदल हा प्रतिनिधी नव्हे, ती भेसळच होय. रुग्णास गुण आला वा न आला, तो कोणत्या द्रव्यामुळे हे सांगता येत नसेल, तर आपल्या अनुभवास आधार राहत नाही.

साल घेताना

कांचनार कषाय रसाचा, शीतवीर्य व कटुविपाकी असून कफपित्तघ्न आहे. तुरट चव मात्र टॅनिनयुक्त अनेक सालींना असते; त्यामुळे केवळ चवीवरून कांचनाराची साल ठरविता येत नाही. वाळून तुकडे झालेल्या सालीवरून व्हेरिगेटा व पर्पुरिया वेगळे करणे अनुभवी व्यक्तीसही अवघड जाते, आणि चूर्ण झाल्यावर सूक्ष्मदर्शक व प्रयोगशाळेवाचून उपाय उरत नाही. म्हणून ओळख झाड उभे असतानाच पटवावी. त्यासाठी पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

१) वसंतात फुललेले, जवळजवळ निष्पर्ण झाड हेरून त्यावर खूण करावी. पावसाळ्यानंतर, पानांनी भरलेले असताना फुलणारे झाड वगळावे.
२) एकाच फुलावर भिस्त न ठेवता निरनिराळ्या फांद्यांवरील पाच-सहा फुलांचे पुंकेसर मोजावेत.
३) पुढे त्याच झाडावर शेंगा धरल्या की नाही ते पाहावे.
४) फूल, पान व शेंग यांचा दाबून वाळविलेला नमुना, दिनांक व स्थळ यांसह जपून ठेवावा.
५) खोडाभोवतीची साल कड्यासारखी कधीही काढू नये. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतील थरातून मुळांकडे जाते. तो मार्ग पूर्ण तुटल्यास झाड मरते. छाटणीच्या वेळी निघालेल्या फांद्यांची साल घेणे उत्तम.

आपट्याविषयी दोन शब्द

दसऱ्यास 'सोने' म्हणून आपट्याची पाने वाटण्याची आपली प्रथा आहे. मागणीपुढे आपटा पुरत नाही आणि बाजारात कांचनाची पाने त्याच नावाने विकली जातात. दोन्ही झाडांच्या फांद्या त्यापायी ओरबाडल्या जातात. लहान, जाड, लांबीहून रुंद पान आपट्याचे. मोठे, पातळ पान कांचनाचे, एवढा भेद आपण रुग्णांस व मुलांस सांगितला तरी पुष्कळ होईल. त्याहून चांगले म्हणजे पावसाळ्याच्या आरंभी दोहोंचे ताजे बी पेरावे. कांचन बियांपासून सहज रुजतो व थोड्याच वर्षांत फुलावर येतो.

उपसंहार

पुंकेसर तीन की पाच, फुले पानांबरोबर की पानांवाचून, पाकळ्या सुट्या की चढलेल्या, शेंग उकलते की मिटलेली राहते : या चार प्रश्नांची उत्तरे झाडाखाली उभे राहून पाच मिनिटांत मिळतात. 'स्वल्पकेसरी' हे नाव देणाऱ्या पूर्वसूरींनी फूल हातात घेऊन केसर मोजले होते. आपल्या चिकित्सालयातील कांचनार गुग्गुळ कोणत्या झाडापासून आला, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक वैद्यास आहे, आणि आमच्या मते ते त्याचे कर्तव्यही आहे. येत्या वसंतात वैद्यबंधु-भगिनींनी आपल्या गावातील एका तरी कांचनाची याप्रमाणे परीक्षा करून नोंद ठेवावी, अशी विनंती करून हा लेख पूर्ण करतो.