व्होल्टेज वाढवण्याआधी

लॅमिंग्टन रोडवरून पार्ट्स आणून ईसीजीचं सर्किट बांधणं हा मुंबईतल्या इंजिनिअरिंगच्या मुलांचा आवडता प्रोजेक्ट. परळ-लालबागच्या मुलांना मी त्यात मदत करतो, आणि एकच अडचण पुन्हा पुन्हा समोर येते. एडी ६२० ही अ‍ॅम्प्लिफायर आयसी, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, पहिल्याच टप्प्यात १००० पट गेन. जनरेटरवरून १ मिलिव्होल्ट दिला की स्क्रीनवर सुरेख लाट दिसते. इलेक्ट्रोड छातीला लावले की रेषा वर जाऊन चिकटते. मग आयसी डुप्लिकेट म्हणून दुकानदाराशी वाद होतो, आणि कोणीतरी सुचवतं: ±१५ व्होल्टचा पुरवठा देऊन बघा.

तसं करू नका. आयसी बहुतेक वेळा चांगलीच असते. हृदयाचा सिग्नल जेमतेम १ मिलिव्होल्टचा, पण त्वचा, जेल आणि धातू जिथे भेटतात तिथे वेगळाच डीसी दाब तयार होतो. दोन इलेक्ट्रोडमधला हा फरक, म्हणजे ऑफसेट, ±३०० मिलिव्होल्टपर्यंत जाईल असं ईसीजी यंत्रांची मानकं धरून चालतात. नुसता २० मिलिव्होल्टचा फरक १००० पट केला तरी २० व्होल्ट होतात. ±१५ तिथे काय पुरणार?

आधी गेन ठरवा, मग पुरवठा. पहिल्या टप्प्यात गेन १० ठेवला तर ऑफसेटचे ३ व्होल्ट होतात. एडी ६२० चं आउटपुट पुरवठ्याच्या साधारण सव्वा व्होल्ट आत अडतं, म्हणून ±५ पुरेसे. पुढे कपॅसिटरने डीसी अडवा आणि उरलेला गेन त्यानंतर घ्या. एकाच बॅटरीचा मध्यबिंदू काढून काम भागवणाऱ्यांनी जास्त जपावं: नवी असताना दोन्हीकडे साडेचार मिळतात, पण बॅटरी ७ वर उतरली की साडेतीनच उरतात आणि ते ३ व्होल्ट मावत नाहीत. हिशेब नेहमी उतरलेल्या बॅटरीचा करा.

±१५ ची मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच कारणाने. ते बहुधा भिंतीतल्या प्लगवरच्या अडॅप्टरमधून येतात. त्याचं इन्सुलेशन फुटलं तर २३० व्होल्टना छातीपर्यंत थेट वाट मिळते. माणूस जोडलेला असताना सर्किट बॅटरीवरच चालवा, सर्किटला जोडलेल्या लॅपटॉपचाही चार्जर काढा. केईएम रुग्णालयाच्या वॉर्डातला मॉनिटर प्लगवरच चालतो, असं मुलं म्हणतात. त्या मॉनिटरमध्ये पेशंटकडचा भाग मेन्सपासून आयसोलेट केलेला असतो. ब्रेडबोर्डवर असं आयसोलेशन नसतं.