विषाणूचा कुलवृत्तांत

कुलवृत्तांत लिहिणारा मूळ पुरुषापासून खाली येतो. विषाणूंच्या बाबतीत पूर्वज हाती लागत नाहीत, वंशजच तेवढे असतात, आणि त्यांच्या जनुकीय अक्षरांवरून पूर्वजांपर्यंत चढावे लागते. हे गणित समजून घेण्याची निकड मला, एका बालरोगतज्ज्ञाला, भासली ती लिबियातील बेनगाझीच्या खटल्यामुळे.

१९९८ साली तेथील बाल रुग्णालयातील एचआयव्हीची साथ उघडकीस आली. बाधित मुले चारशेहून अधिक. ही लागण हेतुपुरस्सर केल्याच्या आरोपावरून पाच बल्गेरियन परिचारिका व एक पॅलेस्टिनी डॉक्टर यांना २००४ मध्ये मृत्युदंड सुनावण्यात आला. आरोप असलेले परदेशी कर्मचारी मार्च १९९८ मध्ये रुजू झाले होते. तेव्हा प्रश्न एवढाच, की विषाणू आधी की ते आधी?

क, ख, ग, घ असे चार नमुने घ्या. मूळ कोठे हे न ठरवता त्यांचे वृक्ष तीनच होतात. (आकृत्या कागदावर काढून पाहाव्यात, मीही काढल्या.) एखाद्या स्थानी क-ख यांचे अक्षर 'ए' व ग-घ यांचे 'जी' असेल, तर क-ख यांना जवळ ठेवणाऱ्या वृक्षात एकच बदल पुरतो, उरलेल्या दोहोंत दोन लागतात. कमीत कमी बदलांचा वृक्ष स्वीकारावा, हे काटकसरीचे तत्त्व. एकट्या क चेच अक्षर वेगळे असल्यास मात्र तिन्ही वृक्षांत एकच बदल पडतो; त्या स्थानावरून नात्याचा बोध होत नाही. दहा नमुन्यांचे वृक्ष २०,२७,०२५ होतात.

काटकसर फसवतेही. झपाट्याने बदलणाऱ्या दोन दूरच्या शाखांत योगायोगाने सारखी अक्षरे येतात आणि त्या सख्ख्या भासतात. अशा वेळी माहिती जितकी वाढवावी तितका चुकीचाच वृक्ष पक्का होत जातो, हे जोसेफ फेल्सेनस्टाइन यांनी १९७८ मध्ये दाखविले. मोठ्या नमुनासंख्येवर विसंबणाऱ्या आपणा डॉक्टरांना हे पचणे कठीण! म्हणून हाती आलेली अक्षरे त्या त्या वृक्षातून उमटण्याची संभाव्यता मोजतात. बदलांचा वेग ठाऊक असल्यास शाखांच्या लांबीवरून काळही काढता येतो.

बेनगाझीच्या मुलांमधील एचआयव्ही व हिपॅटायटिस सी विषाणूंचा असा अभ्यास तुलिओ द ऑलिव्हेरा व सहकाऱ्यांनी डिसेंबर २००६ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. हे विषाणू मार्च १९९८ पूर्वीच त्या रुग्णालयात पसरू लागले होते, असाच त्यांच्या गणिताचा कौल होता. त्याच महिन्यात न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा मृत्युदंड सुनावला. जुलै २००७ मध्ये ते बल्गेरियात पोहोचले ते राजनैतिक वाटाघाटींमुळे, आणि तेथे राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली.